एक लिटरची रेघ

सुलोचना वाघमारे सिस्टरांची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा त्यांनी मला पेशंटची नातेवाईक समजून कामाला लावलं होतं. या गोष्टीला तीस वर्षं झाली. मंद्रूपच्या पुढं, कानडी मुलखाला लागून असलेल्या एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्र होतं आणि तिथं वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एका आईची गोष्ट पुढं येणार आहे. सोलापूरहून एसटीनं उतरले तेव्हा हातात बॅग होती, बॅगेत नवा कोरा एप्रन होता आणि डोक्यात आपण डॉक्टर झाल्याचा तोरा होता.

केंद्राच्या व्हरांड्यात पांढऱ्या साडीतल्या एक किडकिडीत बाई जमिनीवर बसून एका वर्षाच्या पोराला चमच्यानं पाणी पाजत होत्या. पोराची आई भिंतीला टेकून पेंगत होती. बाईंनी मान वर करून मला पाहिलं आणि म्हणाल्या, "रिकाम्या हाय न्हवं? या, बसा हितं. हिचा हात भरून आलाय. मिनटाला एक चमचा. घाई करायची न्हाय. वकलं तर धा मिनटं थांबायचं, मग परत सुरू." मी कोण ते सांगायला तोंड उघडेपर्यंत चमचा माझ्या हातात होता आणि त्या आतल्या खोलीत गेल्या होत्या.

मी तासभर पाजत बसले. पोराचे डोळे आत गेले होते, रडत होतं पण डोळ्यात टिपूस नव्हतं. तासाभरानं ते पुन्हा रडलं आणि या वेळी गालावरून पाणी ओघळलं. बाई आतून धावत आल्या. "आलं बघा पाणी! आलं!" एखादं पोर रडतंय म्हणून इतका आनंद झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. लगोलग पोरानं माझी प्रवासाची साडी भिजवली, तेव्हा तर त्यांनी हातच जोडले. मग त्यांना आठवण झाली. "तुमी कुनाच्या म्हणायच्या?"

"मी नवीन डॉक्टर."

त्या अजिबात गडबडल्या नाहीत. "मग बरंच झालं की म्याडम. शिकवायला येगळा येळ काढाय नको."

या गौरवग्रंथाच्या समितीनं मला पाठवलेल्या पत्रात 'आपण सिस्टरांच्या वरिष्ठ होतात, त्या नात्याने लिहावे' असं म्हटलं आहे. हजेरीपटावर माझी सही वर आणि त्यांची खाली असायची, एवढ्यापुरतं ते खरं आहे. बाकी मी त्यांची शिष्या आहे आणि त्याच नात्यानं लिहिते आहे.

आज सगळ्यांना माहीत आहे, जुलाबानं माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. ते जेवढं जातं तेवढं परत भरत राहिलं की पोर वाचतं. जलसंजीवनीच्या पाकिटात असतं तरी काय, मीठ, साखर आणि दोन-तीन क्षार. पण त्या काळात लोकांना सलाइनची बाटली लटकलेली दिसली की उपचार झाल्यासारखं वाटायचं. "बाई, सुई लावा की, पानीच पाजायचं तर घरला न्हाय व्हय?" असं मला रोज ऐकावं लागे आणि खरं सांगायचं तर माझंही मत फारसं वेगळं नव्हतं. कॉलेजात मी शीर शोधायला शिकले होते, चमचा धरायला नाही. सिस्टर कुणाशी वाद घालत नसत. पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडत, ती किती वेळानं जागेवर बसते ते आईला दाखवत. पोर सुस्त पडलं असेल, घोटही घेत नसेल, तर सलाइन लावायला त्याच मला ओढून नेत. नाहीतर म्हणत, "त्वांड हाय, तवर सुई कशाला?"

त्यांना चार भाषांतला एक शब्द पक्का येत होता. मराठी आईला त्या 'थोडं थोडं' म्हणत, कानडी आईला 'स्वल्प स्वल्प', शहरातून माहेरपणाला आलेल्या तेलुगू लेकीला 'कोंचम कोंचम' आणि मुसलमान आजीला 'थोडा थोडा पिलाव'. उरलेली भाषा त्या हातानं बोलत. एवढ्या भांडवलावर त्यांनी सारी नोकरी केली आणि कुठलीही बाई त्यांचं म्हणणं न समजून परत गेली नाही.

आता ज्यासाठी मी हा लेख मनापासून लिहायला घेतला, तिकडं वळते.

मी रुजू झाले त्याच वर्षी गावात नळाचा पाइप फुटून गटाराचं पाणी आत शिरलं आणि खालच्या आळीत जुलाबाची साथ आली. सिस्टर त्या दिवशी दुसऱ्या गावाला लसीकरणाला गेल्या होत्या. ओपीडीची रांग फाटकाबाहेर गेली होती. मी टेबलामागं बसून पाकिटं देत होते आणि प्रत्येकीला एकच वाक्य सांगत होते, "एक पाकीट, तांब्याभर पाण्यात." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या रांगेत महादेवी नावाची एक तरुण आई होती. तिची दीड वर्षाची मुलगी भाग्यश्री कडेवर मान टाकून होती. तिलाही मी दोन पाकिटं दिली आणि तेच वाक्य ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवी पोरीला घेऊन पळत आली. पोर चिरक्या आवाजात रडत होती, भांडं दिसलं की झेप घेत होती आणि हातपाय झटकत होती. "कालपास्नं नुसतं पानी मागालीय बाई," महादेवी सांगत होती. मला वाटलं, हिनं पाजलंच नाही. मी भर व्हरांड्यात, सगळ्या गावासमोर तिला झापलं. "औषध दिलं ते ठेवून दिलंस का फडताळात? आई आहेस का कोण?" ती रडत म्हणाली, "पाजलं की हो! दोनी पाकिटं पाजली. थेंब ठिवला न्हाय." तेवढ्यात तिच्या हातातच पोरीला झटका आला.

सिस्टर नेमक्या त्याच वेळी आल्या. पोरीला कुशीवर घेतलं, झटका थांबेपर्यंत धरून ठेवलं आणि महादेवीला एवढंच विचारलं, "कशात कालवलं हुतं, बाळ? ते भांडं आण जा."

महादेवीच्या सासूनं घरून तांब्या आणला. चिंचेनं घासून लखलखीत केलेला, तळहातात मावेल असा देवपूजेचा तांब्या होता तो. सिस्टरांनी तो काठोकाठ भरला आणि पेल्यात ओतला. दीड पेल्यात तांब्या रिकामा झाला. पाच पेल्यांत, म्हणजे लिटरभर पाण्यात, कालवायचं पाकीट त्या पोरीनं दीड पेल्यातून घेतलं होतं, तेही दोन वेळा. जुलाबानं नव्हे, मिठानं तिला झटका आला होता.

"देवाचा तांब्या का घेतलास?" सासू ओरडली.

महादेवी म्हणाली, "दवाखान्याचं अवशद हाय. शेतावर न्ह्यायच्या तांब्यात कसं कालवू? घरात ह्योच एक सोवळा हाय."

मी दिलेल्या औषधाचा तिनं केवढा मान ठेवला होता! घरातलं सगळ्यात पवित्र भांडं तिनं माझ्या पाकिटासाठी काढलं. आणि मी मात्र, तांब्या केवढा हे सांगायची तसदी घेतली नव्हती. माझ्या माहेरी, सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत, तांब्या म्हणजे मोठाच, हातमागावरून उठलेल्या माणसाला एका दमात पिता येणार नाही एवढा. जगात सगळे तांब्ये तेवढेच असतात असं मी धरून चालले होते.

बायका महादेवीला बोल लावू लागल्या. तेव्हा सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हिचं काय बी चुकलेलं न्हाय. तांब्या केवढा घ्यायचा, ते मी सांगाय पायजे हुतं. माझं चुकलं. कुनाला बोलायचं आसंल तर मला बोला."

मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले. सिस्टर जीपमधून पोरीला घेऊन सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी अंगातलं मीठ सावकाश उतरवलं. सिस्टर चार दिवस महादेवीजवळ थांबल्या आणि पाचव्या दिवशी भाग्यश्री आईच्या कडेवर बसून, हातातलं बिस्कीट चोखत एसटीतून उतरली. तोवर वरच्या कार्यालयातून विचारणा आली होती. सिस्टरांनी चूक आपली असल्याचा खुलासा लिहून दिला आणि त्यांच्या स्वच्छ सेवापुस्तकात 'कामात हलगर्जी' असा शेरा पडला.

मी त्यांना विचारलं, असं का केलंत? त्या पाकिटं मोजून कपाटात लावत होत्या. म्हणाल्या, "म्याडम, लोक त्या दिवशी काय म्हणले असते? पाकिटानं पोरगी मरायला टेकली. दुसऱ्या दिवशी येकीनं बी पाकीट हातात धरलं नसतं. तुमचं नाव घ्यावं तर तुमी नव्या, मग डाक्टरवरचा इस्वास उडाला असता. मला लोक वळखत्यात. मानसाला बोल लागला तर चालतंय. पाकिटाला लागला तर पोरं जात्यात."

मी तेव्हा त्यांचं ऐकलं, कारण ते पटलं. आणि ते मला सोयीचंही होतं, हे आज कबूल करते. नंतरच्या काळात उत्कृष्ट आरोग्य सेविकेच्या पुरस्कारासाठी त्यांचं नाव दोनदा सुचवलं गेलं आणि दोन्ही वेळा त्या एका शेऱ्यापाशी अडलं. मी दोन्ही वेळा हळहळले. पण हळहळण्यापलीकडं काही केलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला संन्यासी इतक्या आनंदानं भाकरी थापत, गाणं गुणगुणत जगताना पाहिला की चोराला आणखीच ओशाळं होतं.

सिस्टर मात्र हळहळत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पहिल्यांदा तांब्याच रद्द केला. त्याचं तोंड अरुंद, आत दिसत नाही आणि घराघरात त्याचा आकार वेगळा. त्याऐवजी त्यांनी पातेलं धरलं. मंद्रूपच्या बाजारात मेहबूबचाचा भांड्यांवर नावं घालायला बसत. आपल्याकडं लग्नातलं, वास्तुशांतीचं भांडं नाव घातल्याशिवाय घरात येत नाही. सिस्टरांनी बाजारच्या दिवशी केंद्रातलं एक लिटरचं मापपात्र पिशवीत घातलं आणि चाचांच्या शेजारी पोतं अंथरून बसल्या. पातेल्यावर नाव घालायला बाई आली की सिस्टर त्यात मापानं एक लिटर पाणी ओतत, पाण्याच्या पातळीला बाहेरून खडूनं खूण करत आणि चाचांना तिथं आडवी रेघ ठोकायला सांगत. बाहेरून ठोकलेली रेघ आत उमटायची, बोटाला लागायची. डोळ्यांना दिसत नसलेल्या आजीलाही ती सापडे.

चाचांना पहिल्या दिवशी हे काही झेपलं नव्हतं. "बाई, नाम तो लोगां पढते. ये लकीर किसकू पढने आती?"

"जिला नाव वाचता येत न्हाय, तिला बी," सिस्टर म्हणाल्या.

चाचा हसले आणि त्यांनी छिन्नी उचलली. वर्षभरात त्या भागात असं झालं, की लेकीच्या लग्नात द्यायच्या भांड्यांत एक रेघेचं पातेलं असायलाच हवं. वर 'सप्रेम भेट', खाली रेघ. चाचा गिऱ्हाइकाला आपणहून विचारू लागले, "लकीरवाला होना क्या?" महादेवी मात्र त्या बाजारात आली नाही. सिस्टर तिच्या घरी गेल्या, पातेलं नेलं, रेघ घालून आणलं आणि तिच्या हाती देऊन म्हणाल्या, "हे आता देवाच्या तांब्याशेजारी ठिव. ह्ये बी सोवळंच हाय."

सिस्टरांनी कुठल्याही आईला कधी दरडावलं नाही. "आईला बोललं की ती पुढच्या येळंला उशिरा येती," हे त्यांचं साधं गणित होतं. मला हे उमगायला महादेवीचे अश्रू खर्ची पडले.

त्यांच्या मायेविषयी लिहायचं तर पानं पुरायची नाहीत. एकच सांगते. माझी बदली शहरात झाली, लग्न झालं, मुलगा झाला. तो वर्षाचा असताना त्याला जुलाब लागले आणि मी, जुलाबावर गावोगाव भाषणं देणारी डॉक्टर, रडकुंडीला येऊन सलाइन शोधत फिरू लागले. कुणीतरी सिस्टरांना कळवलं. त्या सकाळच्या एसटीनं आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, चमचा कुठाय?" माझ्या सासूबाईंना मराठी बेताचंच येतं, सिस्टरांना तेलुगूतला तो एकच शब्द. दोघी दिवसभर पोराला मध्ये घेऊन बसल्या, एक म्हणे 'कोंचम', दुसरी म्हणे 'कोंचम'. संध्याकाळी पोरगा खेळायला लागला आणि सिस्टर शेंगाचटणीचा डबा ओट्यावर ठेवून शेवटच्या गाडीनं परत गेल्या. जाताना माझं पातेलं उलटं करून पाहिलं होतं. त्यावर रेघ नव्हती. "डाक्टरच्या घरी," एवढंच म्हणाल्या. त्यावरून आमच्या घरी आजही माझी थट्टा होते.

निवृत्त होऊनही त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही. आता पाकिटं दोन आकारांत मिळतात, एक लिटरभर पाण्याचं आणि दुसरं एका पेल्याचं. सिस्टर किराणा दुकानात उभ्या राहून गिऱ्हाइकाला पाकीट उलटून वाचायला लावतात, रंगीत गोड बाटली घेणाऱ्याच्या हातातून ती काढून परत फळीवर ठेवतात. नव्या आशा कार्यकर्त्यांना त्या एकच गोष्ट शिकवतात: 'एक लिटर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, 'भांडं दाखवा' म्हणायचं.

समितीचं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं, की आता तरी खरं काय ते छापून यावं. आधी सिस्टरांकडं गेले. त्या म्हणाल्या, "कशाला उकरून काढालाव, म्याडम? झालं गेलं." मी हट्टच धरला, तेव्हा म्हणाल्या, "बरं, लिवा. पन दीड पेला म्हणून बरोबर लिवा. लोकांनी वाचून परत घोळ घालाय नको."

मग मी महादेवीकडं गेले. तिच्या अंगणात जाऊन उभं राहायला मला तीस वर्षं लागली. आता तिचे केस पिकलेत. भाग्यश्री चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, तिला मुलगी आहे आणि ती त्या दिवशी आजीकडंच खेळत होती. मी म्हटलं, "महादेवी, त्या दिवशी चूक माझी होती. मी तुला नीट सांगितलं नाही आणि वर तुलाच बोलले. सिस्टरांनी ते स्वतःवर घेतलं."

ती चहा गाळत होती. गाळणं न थांबवता म्हणाली, "ठावं हाय की."

"कधीपासून?"

"तवाच. रांगंत पाकीट तुमीच दिलं की मला. शिस्टर तवा गावात कुटं हुत्या? समद्या आळीला ठावं हाय."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"शिस्टर म्हणल्या, माझं चुकलं. त्यानी म्हणल्यावर आमी कशाला तोंड उघडू? तुमी बी नव्या हुत्या. पोरच हुत्या की."

माझी झाकली मूठ माझ्याच हातात आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते. ती साऱ्या आळीनं मिळून झाकून धरली होती, सिस्टरांच्या एका शब्दाखातर. सेवापुस्तकातला तो शेरा खोडायला आता कुणी बसलेलं नाही, पण या ग्रंथात मी तो माझ्या नावावर करून घेते आहे. कामात हलगर्जी माझी होती. सही माझी वर असायची, तर शेराही माझाच असू द्या.

उठताना मी महादेवीला सांगितलं, की समितीबरोबर गावातर्फेही सिस्टरांना एक पितळी पातेलं भेट द्यायचं ठरलं आहे, चाचांचा मुलगा नाव घालून देणार आहे. "रेघ घालणार न्हवं त्यावर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, घालणारच, त्याशिवाय ते सिस्टरांचं कसं वाटेल?

महादेवीनं नातीला कडेवर घेतलं आणि थोडा विचार केला. "नगं," ती म्हणाली. "नाव घाला, गावाचं नाव घाला, आमच्या आळीचं बी घाला. रेघ तेवढी नगं. शिस्टरला द्यायच्या भांड्यात हितवरच भरायचं, आसं नगं."

सिस्टर, तुमच्या समारंभात जे पातेलं तुमच्या हाती येईल ते उलटंसुलटं करून तुम्ही रेघ शोधाल, हे मला ठाऊक आहे. ती सापडणार नाही. माप चुकलेलं नाही. पुढची सगळी वर्षं तब्येत राखून, शेंगाचटणी खात, स्वल्प स्वल्प, कोंचम कोंचम घ्या आणि आम्हांला भरत राहू द्या.